चौथं बोंड

कपाशीचं हिरवं बोंड फोडल्यावर येणारा कच्चट वास आला की बारावीतली एक सकाळ आठवते. धाड गावाजवळच्या आमच्या वावरात ट्रॅक्टर येऊन उभा होता. चार कोपऱ्यांची चार बोंडं फोडायची आणि एकातही गुलाबी अळी निघाली तर कपाशी मोडून हरभरा पेरायचा, असा आईचा नियम होता. तीन बोंडं स्वच्छ निघाली. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून संभाव्यतेची उदाहरणं सोडवत होते. शेजारच्या वावरांत पाचातल्या एका बोंडात अळी होती, म्हणून मी मांडून पाहिलं आणि सांगितलं, पहिली अळी चौथ्याच बोंडात निघण्याची शक्यता जेमतेम दहात एक. "मंग फोडाचं काऊन?" म्हणत आईने बोंड माझ्या हातात दिलं आणि ट्रॅक्टर परत धाडला. वही पुन्हा पाहताना मला शंका आली. तीन तर आधीच स्वच्छ निघाली होती, म्हणजे चौथ्यात अळी असण्याची शक्यता अजून पाचात एकच होती. मी बोंड फोडलं. आत अळी होती. अळी निघाली, माझं गणित चुकलं, असं ओरडत मी ट्रॅक्टरमागे धावले. चालक म्हणाला, "आताच तं काकू नाही म्हणे. चुकलं कोन, तुहं गणित का अळी?" कुठलं सूत्र कुठे लावायचं, हे आज मला कळतं. पाचात एक असं सांगितलं असतं तर आईने ते बोंड फोडलं असतं का, हे मात्र अजून कळत नाही.