निरोपाच्या जीपमधला चेहरा

बाळांनो, आजोबांच्या वर्षश्राद्धाला तुमचे बाबा तुम्हाला एक व्हिडिओ दाखवणार होते. तो मी, तुमच्या आजीने, थांबवला. बाबा रागावले नाहीत. का थांबवला ते पहिल्यापासून नीट लिहिते. मराठी अडली तर बाबा वाचून दाखवतील.

तुम्ही आजोबांना पाहिलेत ते फोनवर आणि एका सुट्टीत. दोन्ही वेळा ते पलंगावर होते. धाकटीने तेव्हा विचारले होते, "आजोबांना पाय आहेत का?" पाय पांघरुणाखाली असत. आजोबा हसले आणि त्यांनी अंगठा हलवायचा प्रयत्न केला. पांघरूण हलले नाही.

ते महाळुंग्याच्या पलीकडे एका कंपनीत होते, गाड्यांचे पत्रे दाबण्याच्या खात्यात. इकडे कारखान्यातला माणूस रिटायर झाला की खात्यातले लोक त्याला एकट्याने घरी जाऊ देत नाहीत. हार घालतात, फुलांनी सजवलेल्या उघड्या जीपमध्ये बसवतात आणि हलगी वाजवत दारापर्यंत सोडतात. दारात बायको ओवाळते, मगच तो उंबरा ओलांडतो. आजोबा आणि त्यांचे एक मित्र एकाच दिवशी रिटायर होणार होते. दोघांनी जीपही एकच ठरवली होती. आधी मित्राच्या गावाला, देहूच्या पुढे, आणि मग आपल्याकडे चिंचवडला.

त्याच्या आदल्या आठवड्यात आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. मित्राला एकट्यालाच मिरवणुकीत जावे लागले. त्यांनी शेजारच्या जागेवर कुणालाच बसू दिले नाही. तिथे कंपनीने आजोबांसाठी दिलेली शाल आणि नारळ ठेवला, आणि संध्याकाळी गळ्यातल्या हारासकट ते दवाखान्यात घेऊन आले. त्या मिरवणुकीचा व्हिडिओ मित्राच्या घरी होता. आपल्याकडे मात्र आजोबांचा चालतानाचा एकही व्हिडिओ नाही. आमच्याकडे त्या काळी लग्नामुंजीतच कॅमेरा यायचा, आणि आजोबा नेहमी कॅमेऱ्यापासून लांब, पंगतीत वाढायला असत.

आजोबा गेल्यावर बाबांच्या मनात आले की त्या व्हिडिओत मित्राच्या जागी आजोबांचा चेहरा बसवून घ्यावा. मुलांनी आजोबांना एकदा तरी आपल्या पायांनी घरी येताना पाहावे. खरे सांगते, मलाही तेच हवे होते.

मी मित्राच्या घरी विचारायला गेले.

"वहिनी, ह्यात इचारायचं काय?" ते म्हणाले. "माझं त्वांड काय सोन्याचं हाय? काढा आन् लावा त्याचं. जीप दोघांचीच हुती."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काढाच. रोज बघून मीबी कटाळले."

खूप दिवसांनी मी मोठ्याने हसले.

थेरगावात लग्नाचे व्हिडिओ तयार करणारी एक मुलगी आहे, मूळची लातूरकडची. काम तिला दिले. मी शेजारी खुर्ची घेऊन बसत असे. तिच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द मला वाचता येत होते, पण अर्थ तिलाच विचारावा लागे. ती मित्राच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांवर, नाकावर, ओठांवर ठिपके लावायची. माणूस मान वळवेल तसे ठिपके त्याच्यामागे जायचे, आणि त्या ठिपक्यांना आजोबांचा चेहरा बांधायचा. मग कडा पुसायच्या, ऊन जुळवायचे. पण आजोबांचा बोलता, हलता चेहरा होता तो आजारपणातल्या फोनवरच्या बोलण्यातलाच, एका बाजूने उतरलेला. तिने चांगली बाजू उलटवून दुसरीकडे लावली.

"आता छान हसायलेत बघा, आजी."

हसू छान होते, अगदी सारखे. आजोबा कधी इतके सारखे हसले नव्हते.

"फक्त ओवाळताना हात तोंडावरनं जातो ना, तिथं ठिपके सुटायलेत," ती म्हणाली. "तेवढं एकेक चित्र हातानं बसवते."

झाल्यावर मी मित्राला आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावले आणि टीव्हीवर व्हिडिओ लावला. हलगी वाजत होती. आजोबा जीपमध्ये हार घालून बसले होते. मी पदर तोंडाशी धरला. मित्राने डोळे पुसले. मग ते जीपमधून उतरून मित्राच्या दारापर्यंत चालत गेले. मित्राच्या बायकोने ताट धरून आजोबांना ओवाळले आणि कपाळाला कुंकू लावले.

इतका वेळ आमच्यापैकी कुणाला हे सुचलेच नव्हते.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "मी कुनाला ओवाळतीय?"

"अगं, खेळ हाय त्यो मशीनचा," मित्र म्हणाले.

"खेळ न्हाई. गेलेल्या मानसाचं त्वांड तुमच्या धडावर हाय. त्ये हार घालून माज्या दारात आलंय."

"मी बसलोय न्हवं हितं, धडधाकट?"

"बसलाय म्हनूनच म्हनते."

त्यांनी पानातली पोळी तशीच ठेवली आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी उठेपर्यंत काढला नाही.

हे सांगितले तेव्हा फोनवर बाबांनी लगेच तोड सुचवली. "आई, काकूंच्या जागी तुझा चेहरा लावून घेऊ. मग तूच बाबांना ओवाळशील."

दोन दिवस मी ते मनात घोळवत राहिले. त्या दारात मला उभे राहायचे होते. त्या दिवसासाठी काढून ठेवलेली साडी अजून कपाटात आहे. पण मी जन्मात त्यांना तसे ओवाळले नाही, आणि आता ओवाळू शकत नाही. हे खोट्या चेहऱ्याने तुम्हाला दाखवून माझे काय समाधान होणार होते?

मग मी मूळ व्हिडिओ पुन्हा लावला. गतिरोधक आला की मित्र शेजारी वळून पाहतात आणि शाल उडू नये म्हणून तिच्यावर हात दाबून धरतात. पुढे पाहून हसतात, पुन्हा शालीकडे पाहतात. बदललेल्या व्हिडिओत आजोबा स्वतःच्याच शालीवर हात ठेवून बसले होते. ज्याने त्यांची जागा राखली, त्यालाच आम्ही पुसून टाकले होते.

बाबांना मी मूळ व्हिडिओ पाठवला आहे. त्यात आजोबा दिसणार नाहीत. मित्राच्या शेजारची जागा पाहा, ती त्यांची आहे.

आजोबा चालायचे कसे, ते मात्र मीच सांगायला हवे. मित्र पैलवानासारखे हात फेकत चालतात. आजोबा हात पाठीमागे बांधून लहान पावले टाकत. वाटेत कुणाचे फाटक उघडे दिसले की थांबून कडी लावत आणि मग भराभर मला गाठत. मी पुढे असले की चपलांच्या आवाजावरून मला कळायचे, कडी लागली.

धाकटीला सांगा, आजोबांना पाय होते.