काकूची फिल्म उन्हाकडं धरली तेव्हा

उंदराच्या पोटात गाठ दिसली की आम्ही चहा-भजी मागवायचो. ऐकायला राक्षसी वाटेल, पण खरं आहे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुंबईत एका प्रयोगशाळेत मी उंदरांचे एमआरआय काढायचो. उंदराच्या स्वादुपिंडात कॅन्सरच्या पेशी सोडायच्या, काही आठवड्यांनी भूल देऊन त्याला मशीनमध्ये सरकवायचं आणि गाठ धरली का ते बघायचं. नाही धरली तर सगळी मेहनत पाण्यात. आणि जठरामागं दडलेलं ते एवढंसं स्वादुपिंड, मेलं नीट दिसायचंच नाही. म्हणून ठिपका दिसला रे दिसला की मी ओरडायचो, "आली रे आली!" सवयच लागली होती.

अशात परतूरहून काकांचा फोन आला. काकूचं पोट दुखतंय, जेवण तुटलंय, औरंगाबादला एमआरआय काढलाय. "डॉक्टर सोमवारी भेटणार हायेत, पण तू आधी ये बरं जल्दी. घरचा माणूस असताना दुसऱ्याला कामून इचारायचं?" शाळेची सगळी वर्षं मी याच काकूच्या हातचं खाल्लेलं. निघालो. रेल्वेत छाती थोडी फुगलीच होती, खोटं कशाला बोलू?

अंगणात काकूनं पाकीट हातात दिलं, न उघडलेलं. मी फिल्म उन्हाकडं धरली. समोर स्वादुपिंड, त्यावर गाठ, कड न् कड स्वच्छ. आमच्या उंदरांची अशी फिल्म जन्मात निघाली नव्हती. मी हसलो. तोंडभर हसलो. ओरडलो नाही, एवढंच काय ते नशीब.

काकू फिल्मकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. "हसला गं बाई! मी म्हणलंच होतं, काही न्हाई म्हणून," असं म्हणत ती आत पळाली. पोट धरून चालणारी बाई, पळाली! शिरा केला, शेजारी धाडला, मला वाटी भरून दिली. मी मुकाट खात राहिलो. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

शेवटी वाटी हातात घेऊनच काकांना गोठ्याकडं नेलं आणि सांगितलं. गाठ आहे, वाईट आहे. काका तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "मंग तू हसला कामून रे?"

काय सांगणार, कप्पाळ!

"ऊन डोळ्यावर आल्तं, काका."

"हां. ऊन व्हतं खरं," ते म्हणाले. बिचाऱ्यांना पटलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

वळलो तर मागं काकू, पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. तांब्या काकांपुढं ठेवला आणि माझ्या वाटीकडं बघून म्हणाली, "खाऊन टाक रे. तू हसला म्हणून केल्ता."