दोघांपुरतं भांडं

आता ही फजिती कुठून सांगायला घ्यावी, तेच कळत नाही. चहा घ्या तोवर. अर्ध्यापर्यंत तुम्ही हसाल, ते चालेल मला. पुढे हसू आलं नाही तर दोष देऊ नका. मलाही अजून येत नाही.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माझी बायको कुसुम गेली आणि दोन महिन्यांत मी व्हीआरएस घेतली. तळोज्याच्या एका कारखान्यात अठरा वर्षं स्टोअरकीपर होतो. नोकरी सोडून करायचं काय, तर वाशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघत बसायचं. मुलगा म्हणाला, बाबा, नाशिकला या. गेलो. चार महिने सुनेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून "मी काही करू का?" असं विचारत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, बाबा, तुम्हाला तुमच्या घराची आठवण येत असेल ना? समजायचं ते समजलो आणि बॅग भरली.

परत आलो त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, दारात उस्मान उभा. हा माझा कारखान्यातला मित्र. तो मेंटेनन्सला, मी स्टोअरला. अठरा वर्षं एकाच बाकावर डबा खाल्लेला. राहायला तळोज्यालाच, त्यांच्या जुन्या गावात. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे नमाज आटोपून, बस पकडून तो माझ्याकडे आला होता. हातात डबा. डब्यात कोंबडीचं सालन, म्हणजे रस्सा, आणि तांदळाच्या भाकऱ्या.

मी दार उघडलं, त्याला बघितलं आणि मला रडूच कोसळलं. चार महिने सुनेसमोर कोंडून ठेवलेलं सगळं त्याच्या खांद्यावर बाहेर आलं. कुसुमचं आजारपण, हॉस्पिटल, शेवटचे दोन दिवस, सगळं. तो ऐकत बसला. मध्ये एकदा काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, ते मला आज आठवतं. तेव्हा मी त्याला बोलू दिलं नाही. मग आम्ही जेवलो. जेवताना मी म्हणालो, "भाभींच्या हातचं खाल्लं की वाटतं, जग अजून जागेवर आहे. सांग त्यांना."

"सांगतो," उस्मान म्हणाला.

तेव्हापासून दर शुक्रवारी डबा. आणि दर शुक्रवारी माझा भाभींना निरोप. हे निरोप नीट ऐका, कारण फजिती तिथेच आहे. एकदा सांगितलं, भाकऱ्या जरा जाड होताहेत. एकदा सांगितलं, मीठ हल्ली जास्त पडतंय, भाभींना म्हणावं वय झालं, चष्म्याचा नंबर बघून घ्या. मी आपलं घरच्यासारखं म्हणालो. पुढच्या शुक्रवारी मीठ बरोबर! मी खूश. म्हटलं, बघ, भाभी किती ऐकतात माझं. तो मान हलवायचा आणि भाकरीचा तुकडा मोडायचा.

असे पाच महिने गेले. मग एक दिवस मला लाज वाटली. म्हटलं, आपण नुसते खातोय. एकदा आपणही करून घालावं.

आता मला येतो फक्त चहा, आणि तोही तुम्ही पिताय तो असा. पण कपाटावर एक खोकं होतं. कुसुमची बहीण अमेरिकेत असते, तिने पाठवलेलं. विजेवर चालणारं चिनी मातीचं भांडं, मंद आचेवर दिवसभर शिजवणारं. विजेच्या भीतीने कुसुमने ते कधी काढलंच नाही. खोक्यात मेहुणीचं पत्र होतं. सकाळी कोंबडी, कांदा, टोमॅटो, मसाला, सगळं आत टाकायचं, झाकण लावायचं आणि संध्याकाळपर्यंत विसरून जायचं. झाकण अजिबात उघडायचं नाही. एका ओळीखाली रेघ मारलेली होती: यात दोन माणसांपुरतंच शिजतं. आणि अमेरिकेचं भांडं आपल्या विजेवर जळून जाईल, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायचा. तो विटेएवढा लोखंडी ठोकळाही सोबत होता.

दुसऱ्याच शुक्रवारी उस्मानला रविवारचं आमंत्रण दिलं. ड्यूटी संपली की थेट इकडे ये, म्हटलं. आणि वर काय बोललो असेन? म्हटलं, "भाभींना या वेळी आणू नकोस हं. भांडं दोघांपुरतंच आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

रविवारी सकाळी मी मार्केटात गेलो. हलालच आहे ना, असं दुकानदाराला तीनदा विचारून कोंबडी घेतली. घरी येऊन सगळं पत्राप्रमाणे भांड्यात रचलं. ठोकळा लावला, भिंतीवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि बारीक घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. म्हटलं, वा, शिजायला लागली.

मग दिवसभर मी त्या भांड्यासमोर खुर्ची टाकून बसलो. उघडायचं नाही म्हणजे नाही. अकराच्या सुमाराला असा वास सुटला म्हणता! भाजलेलं खोबरं, लवंग, मिरी. मी पत्रात पुन्हा बघितलं, खोबरं मी घातलंच नव्हतं. म्हटलं, अमेरिकन भांडं आहे, काहीतरी शास्त्र असेल. शेजारच्या सावंतवहिनी कपडे वाळत घालायला गॅलरीत आल्या. त्या मालवणकडच्या. आमची ओळख आपली "पाणी आलं का" एवढ्यापुरती. मी छाती काढून विचारलं, "येतोय का वास, वहिनी?" त्या म्हणाल्या, येतोय ना भावोजी, सकाळपासून. मला वाटलं, कौतुक करताहेत.

दुपारी ठोकळ्याला हात लावून बघितला. चांगला कोमट होता. कुसुमच्या फोटोला सांगून आलो, बघ, तू उगाच घाबरत होतीस.

सात वाजता उस्मान आला. कामावरून थेट, तरी तोंडबिंड धुऊन, स्वच्छ शर्ट घालून. मी दोन ताटं घेतली, पाव कापले, लिंबू चिरलं. भांडं उचलून टेबलावर आणलं तर ते गार. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, चिनी माती आहे, वरून गारच लागत असेल. झाकण उचललं.

सकाळी घातलेला कांदा वर तसाच पांढराशुभ्र. टोमॅटोच्या फोडी लावल्या तशाच. त्याखाली कोंबडी, मार्केटातून आणली तशी. फक्त दहा तास वाशीच्या उकाड्यात बसून तिचा वास फिरला होता. आणि तो दुसरा वास, खोबऱ्याचा, तो अजूनही येत होता. भिंतीपलीकडून. सावंतांकडे मटण होतं.

उस्मान वाकला. भांड्याच्या पोटाशी एक गोल बटण होतं. त्याने मला ते बोटाने दाखवलं. अठरा वर्षं हजारो स्विच मोजून देणाऱ्या माणसाने भांड्याचं बटण 'ऑफ'वरच ठेवलं होतं. दिवा ठोकळ्याचा, आवाज ठोकळ्याचा, ऊबही ठोकळ्याचीच. मी दिवसभर एका ठोकळ्यासमोर बसून होतो.

आणि उस्मान हसायला लागला. किती महिन्यांनी मी त्याला तसं हसताना बघितलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मीही हसलो. डोळे पुसत तो म्हणाला, "रुकय्या असती ना, तर लोळली असती हसून."

मी हसता हसताच विचारलं, "रुकय्या कोण?"

त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"तुजी भाभी," तो म्हणाला.

अठरा वर्षं, दर ईदला मी तिच्या हातचं जेवलो. कुसुमच्या आजारपणात ती दोनदा हॉस्पिटलात येऊन बसली. मी तिला भाभी म्हणायचो, उस्मान घरची म्हणायचा. नाव मला ठाऊकच नव्हतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला नावाची लाज नाही वाटली. मागाहून पोहोचला तो दुसरा शब्द. असती.

"असती म्हणजे?"

तो खुर्चीत बसला आणि त्याने सांगितलं. मी नाशिकला होतो तेव्हा. पहाटे छातीत दुखायला लागलं, पनवेलला नेईपर्यंत संपलं. माझा नाशिकचा पत्ता त्याच्याकडे नव्हता. मी परत आल्याचं कारखान्यात कळलं, तसा तो सांगायला आला होता. तोच पहिला शुक्रवार.

"सांगायलाच आलो होतो रे," तो म्हणाला. "तू दार उघडून रडायला लागलास. मग म्हणालास, भाभींच्या हातचं खाल्लं की जग जागेवर हाय असं वाटतं. आता त्याच्यावर काय सांगू?"

"मग ते सालन?"

"मीच. पोरगी सासरी. शिकलो हळूहळू."

"आणि मीठ..."

"मीठ पण मीच जास्त टाकत होतो. तू सांगितलंस ते बरं झालं. घरात दुसरं कोण सांगणार?"

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याचे हात धरले, माफ कर म्हणालो. तो म्हणाला, माफी कसली? दर शुक्रवारी तू तिचं नाव काढायचास, निरोप द्यायचास. घरी जाताना बसमध्ये वाटायचं, जाऊन सांगू. मग म्हणाला, नाव नाय, भाभी म्हणायचास, पण चालतंय.

कोंबडी आम्ही पिशवीत बांधून खाली टाकून आलो. उस्मानने बाह्या वर केल्या, कांदा चिरला, चार अंडी फोडली. आम्ही पावाबरोबर खाल्लं. जेवताना पहिल्यांदाच मी गप्प होतो आणि तो बोलत होता. रुकय्याला नदीची भीती कशी वाटायची, ती रेडिओ कुठे ठेवायची, पोरीच्या लग्नात ती कोणाशी भांडली. मी ऐकत होतो. त्याने किती महिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, देव जाणे.

नऊच्या आत त्याला बसमध्ये बसवून वर आलो, तर सावंतवहिनी दारात झाडू मारत होत्या. विचारलं, झालं का हो भावोजी जेवण? मी म्हटलं, झालं. आणि मग राहवेना, म्हणून सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी, माझ्या मित्राची बायको वारली, आणि मला आज कळलं.

त्या झाडू हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"उस्मानभाईंची? ती तर तुम्ही नाशिकला होतात तेव्हाच गेली ना," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

मी विचारलं, तुम्हाला कसं?

"मागे एकदा जिन्यात भेटले होते, डबा घेऊन येताना. मी विचारलं, घरी सगळी बरी आहेत ना?"

बस. एवढंच विचारलं होतं त्यांनी. एक मजला चढता चढता त्यांना सगळं कळलं. मला मात्र पाच महिने लागले, अमेरिकेचं भांडं लागलं आणि अख्खी कोंबडी नासवावी लागली.