नोव्हेंबरातल्या कैऱ्या

नागपुरात वाढलेल्या पोरीला वारा पडला की घरात बसवत नाही. मे महिन्यात दुपारची आंधी यायची, धुळीनं डोळे भरायचे, छपरांची टिनं वाजायची, आणि वारा थांबला रे थांबला की आमची सगळी गल्ली टोपल्या घेऊन जवळच्या आमराईत कैऱ्या वेचायला पळायची. माझी ताई सगळ्यांत पुढं. आई तिला ओरडायची, पण लोणच्याला कैऱ्या हव्याच असायच्या, त्यामुळे ते ओरडणंही अर्ध्या मनाचं.

बाबा हवामानाच्या कचेरीत नकाशे भरायचे. देशभरातून आलेले वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे मुंगीएवढ्या अक्षरात नकाशावर उतरवायचे. एरवी घुम्यासारखे बसणारे बाबा वादळाचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. समुद्र मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकदा आईची धुण्याची बादली ओढून घेऊन त्यांनी त्यातलं पाणी लाकडानं गरगर घुमवलं. पाणी कडेनं वर चढलं, मधे खड्डा पडला. वादळातही असंच होतं, म्हणाले. चहूकडून वारा मध्याकडे धावतो, पण फिरण्याच्या नादात तिथवर पोचतच नाही. अलीकडेच वर चढतो आणि ढगांची गोल भिंत उभी राहते. मधल्या जागेत वरची हवा खाली उतरते, तापते, ढग विरतात. तोच वादळाचा डोळा. आत ऊनसुद्धा पडतं, झाडाचं पान हलत नाही. मग पलीकडची भिंत येऊन आदळते आणि वारा उलट्या दिशेनं सुटतो. ताईनं विचारलं, डोळ्यात कैऱ्या पडतात का? आई इतकी हसली की धुणं राहिलं बाजूला.

पुढं ताईचं लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालं आणि सत्तरच्या दशकात त्यांची बदली आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावी झाली. एका नोव्हेंबरात बाबा भर दुपारी घरी आले. डबा उघडलेला नव्हता. नकाशावरच्या वादळाच्या गोल रेषा एकमेकींना खेटत ताईच्या गावाच्या रोखानं चालल्या होत्या. ट्रंक कॉल लागेना, म्हणून तार करायला आम्ही दोघं निघालो. वाटेत मी त्यांची समजूत घालत होते. तिथं सूचना गेलीच असेल, दारं लावून बसतील सगळे, असं काहीबाही.

बाबा म्हणाले, "वारा चालू आहे तवर पोरगी घरातच बसन. मले भेव वारा थांबल्यावरचं वाटते."

फॉर्मवर त्यांनी आधी 'बाहेर निघू नको' लिहिलं आणि खोडलं. हे वाक्य ताईनं जन्मभर ऐकलं होतं आणि एकदाही मानलं नव्हतं. मग विचार करून इंग्रजी अक्षरांत आपल्याच बोलीत लिहिलं, 'वारा थांबला तरी कैऱ्या वेचायले जाऊ नको.' तारबाबूनं दोनदा वाचलं आणि नोव्हेंबरात कैऱ्या कुठून आल्या, असं हिंदीत विचारलं. बाबा त्याच्यावर चढ्या आवाजात बोलले. एक अक्षर न बदलता पाठवा, म्हणाले. मी त्यांना तसं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

नंतर पाच दिवस काहीच कळलं नाही. ताईच्या गावाजवळच्या हवामान-ठाण्याचे आकडे येत नव्हते, नकाशावर ती जागा कोरीच होती. मला बाबांचा फार राग आला. सरळ लिहायचं सोडून असलं कोडं कशाला घातलंत, असं मी तोंडावर बोलले. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. सहाव्या दिवशी सुखरूप असल्याची जावयांची तार आली, तेव्हा बाबा ती हातात धरून ढसाढसा रडले.

मे महिन्यात ताई माहेरी आली तेव्हा सगळं कळलं. बाबांची तार वादळाच्या आदल्या संध्याकाळीच पोचली होती आणि दोघं नवरा-बायको तिच्यावर पोट धरून हसले होते. सकाळी वारा थांबला, ऊन पडलं. अंगणभर नारळ पडले होते. शेजारपाजारचे बाहेर पडलेले पाहून हिनंही टोपली घेतली. कडीला हात लावला आणि तिला कैऱ्या आठवल्या, मग बादली. खिडकीतून मोडक्यातोडक्या तेलुगूत हाका मारून तिनं जमतील तेवढ्यांना आत घेतलं. सगळे आले नाहीत. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेनं सुटला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे आंधी आली. वारा पडला, गल्ली टोपल्या घेऊन पळाली. ताई मात्र टोपली मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसून राहिली, आभाळाकडे बघत.

बाबा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "जा वं बाई," ते म्हणाले, "आपल्या आंधीले डोळा नसते."

ती उठेना. तेव्हा जन्मात कधी कैरी न वेचलेल्या आमच्या बाबांनी तिच्या मांडीवरची टोपली उचलली आणि ते आधी फाटकाबाहेर पडले. थोड्या वेळानं ताई त्यांच्या मागून गेली.