तलावावरचं उष्टावण

दुष्काळी कामावर पाळणाघर चालवायला मला पाठवलं तेव्हा मी एकवीस-बावीस वर्षांची होते आणि तोवर एकाही मुलाचं ढुंगण धुतलेलं नव्हतं. सांगलीत मी पत्रकं लिहायचे आणि माधवनगरला गिरणीच्या फाटकासमोर उभी राहून वाटायचे. 'कामकरी आईचं मूल सांभाळणं हा उपकार नाही, तिचा हक्क आहे' ही ओळ माझी. ती वाचून संघटनेतलं कुणीतरी म्हणालं, "लिहितेस झकास. आता वडूजकडं जा आणि चालवून दाखव." दोन साड्या, साबणाच्या वड्या आणि प्रचंड राग घेऊन मी एसटीत बसले. राग कुणावर होता ते नीटसं ठरलं नव्हतं. पण तो माझ्यापाशी कायम असायचाच.

वडूजपासून आत माळावर पाझर तलावाचं काम चालू होतं. गडी माती खणत, बायका पाट्या वाहत, बाजूला खडी फुटत असे. आमचं पाळणाघर म्हणजे बांबूंवर टाकलेली गोणपाटं. तीन बाजू बंद, चौथी वाऱ्याला मोकळी. वारा आत यायचा आणि धूळ सोडून जायचा. त्या छपरात तीन वर्षांच्या आतली सगळी पोरं आणि आम्ही तिघी.

प्रमुख मी. वयानं सगळ्यात लहान, आवाजानं सगळ्यात मोठी. दुसऱ्या वहिनी. जमीनजुमला असलेल्या घरच्या. नवरा फौजेत, पार वरच्या सरहद्दीवर. विहीर आटली म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामावर आल्या होत्या, पण चालायच्या अशा की तलाव त्यांनीच बांधायला काढलाय. तिसरी भाभी. तिचा नवरा पिंजारी. गावोगाव कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा. पण ज्या साली प्यायला पाणी नाही त्या साली गादी कोण भरतो? तो तिथंच खडी फोडत होता.

कामाची वाटणी मी पहिल्याच दिवशी केली. झोळीतली तान्ही वहिनींकडं, रांगणारी भाभीकडं, दुडूदुडू चालणारी माझ्याकडं. मुलांना ही वाटणी मान्य नव्हती. रांगणारं एक पोर दुपारी उठून चालायलाच लागलं, तर भाभी म्हणाली, "बाई, ह्येची बदली झाली तुमच्या खात्यात. सांभाळा."

ही पोरं नुसती राखायची नाहीत, हे शिक्षण आहे, असं मी दोघींना रोज सांगायचे. रिकामे डबे, त्यांची झाकणं, भाभीनं शिवलेले चिंध्यांचे चेंडू हे आमचं सामान. मी चिंचोके आणले, ते वहिनींनी तिथल्या तिथं बाहेर भिरकावले. "नाकात घालत्याली. मग काडत बसा." एकदा मुकादम डोकावला आणि म्हणाला, "पोरं राखायला तीन तीन बायका? एक म्हातारी बास झाली असती."

"मुकादम, एक दिवस तुम्ही राखा," मी म्हणाले. "तोवर तुमची शिट्टी मी वाजवते."

तो पुन्हा डोकावला नाही. पण मला चैन नव्हतं. बसले की वाटायचं, उठावं. उठले की वाटायचं, कुणाशी तरी भांडावं. आणि मग माझं लक्ष हवालदाराकडं गेलं.

हवालदार हे वहिनींनी ठेवलेलं नाव. दहाव्या महिन्यात असलेलं पोर, पण रांगत नव्हतं. ठेवाल तिथं बसायचं आणि कपाळाला आठ्या घालून सगळ्यांची झडती घेतल्यासारखं बघायचं. मनगटं काडीसारखी, डोकं तेवढं मोठं. रडायचंसुद्धा नाही. न रडणाऱ्या मुलाची मला धास्ती बसली ती तिथून. त्याची आई विशीच्या आतली पोरगी. पाट्या टाकून धावत यायची, पदराखाली घ्यायची, पण अंगावर दूध होतंच कुठं? पोर चार ओढ्या घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

कामावर सुकडी, म्हणजे पोरांसाठी सरकारी खाऊची भुकटी, मिळायची. भाभी ती उकळत्या पाण्यात घोटून पातळ खिरीसारखी करायची, नि सगळी पोरं वाटी चाटूनपुसून घ्यायची. मी त्या आईला म्हणाले, "याला का देत नाहीस?"

"न्हाई बाई. त्येचं उष्टावण न्हाई झालं."

पोराच्या तोंडी पहिला घास मामानं घालायचा, तोवर अन्नाचा कण नाही, हा रिवाज. मामा होता फौजेत. शिवाय मुलाचं उष्टावण सम महिन्यातच व्हायला पाहिजे. सहाव्यात मामाची रजा रद्द झाली. आठव्यात ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागली. आता दहावा सरत आला होता. तो सरला की अकरावा विषम, म्हणजे थेट बारावा. तोवर हवालदारानं वाऱ्यावर जगायचं.

मी जी सुटले! अंधश्रद्धा, बाईची गुलामगिरी, मुलाचा हक्क, सगळं काढलं. पोरगी मान खाली घालून ऐकत राहिली आणि शिट्टी वाजल्यावर पाटी उचलून गेली. वहिनी म्हणाल्या, "बाई, पत्रक वाचून झालं न्हवं? मग त्या झोळीला झोका द्या."

"तुम्हाला हे पटतं, वहिनी?"

"पटायचं काय त्येच्यात? थंडीवाऱ्याचा सरहद्दीवर हुबा हाय माणूस. भाच्याचा पयला घास, तेवढा बी मान त्येच्यासाठी ठिवायचा न्हाई?"

"मान त्याचा आणि उपास भाच्याचा?"

वहिनी माझ्याकडं पाठ करून लंगोट वाळत घालायला लागल्या. त्यांच्या घरीही नवऱ्यासाठी काय काय राखून ठेवलेलं असणार, हे मला त्यांच्या पाठीकडं बघून कळलं. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही. राखलेली पापडी खराब होत नाही, पोर होतं.

चोरून भरवणं सोपं होतं. आई बांधावर, पोर आमच्या मांडीवर. पण कळलं असतं तर ते पोर पाळणाघरातून गेलं असतं आणि त्याच्या मागोमाग आणखी पाच. आमच्या छपराला गोणपाटापेक्षा आयांच्या भरवशाचा आधार जास्त होता. म्हणून मी सरळ त्या पोरीच्या सासूला गाठलं. तीही त्याच टोळीत पाट्या वाहायची. पाण्याच्या पिंपापाशी उभी होती.

"मावशी, नातू वाळत चाललाय."

"दिसतंय मला. डोळं हायत."

"मग भरवू द्या ना."

तिनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. "थोरल्या लेकाचं पोर असंच घाईनं भरवलं. मामाची वाट न्हाई बघितली. जुलाब लागलं. आठ दिसात गेलं."

"ते पाण्यानं, मावशी. पाणी खराब असणार."

"पानी समदीच पेत व्हती, बाई. गेला त्योच." आणि ती पाटी घेऊन चालती झाली.

पाणी उकळायचं असतं, हे मी तिच्या पाठीमागून ओरडून सांगितलं. वारा माझ्याच दिशेनं होता.

पुढचे दिवस मी नुसती येरझारा घालत होते. भाभीवर खेकसले, झाकणं वाजवणाऱ्या पोरांवर खेकसले. हवालदार बसल्या बसल्या एका बाजूला कलायला लागला होता. भाभी त्याच्या दोन्ही बाजूंना चिंध्यांचे चेंडू लावून ठेवायची. महिना सरायला थोडेच दिवस उरले होते.

अशात एका दुपारी भाभीचा पिंजारी भाकरी घ्यायला छपरापाशी आला. कोपऱ्यात ती पोरगी हवालदाराला पाजत होती. पिंजारी तिकडं पाठ करून बसला आणि म्हणाला, "काय गं आक्के, दाजींचा कान बरा हाय का आता? का आजून सुजलाय?"

ती पोरगी फस्सकन हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"कसला कान?" मी विचारलं.

"आवं बाई, हिच्या लग्नात कान म्या पिळला न्हवं का नवऱ्याचा!" पिंजारी म्हणाला. "ही आमच्याच गावची. हिचा भाऊ फौजेत, लग्नाला बी रजा मिळाली न्हाई. नवरीच्या भावानं कान पिळल्याबिगार लग्न उरकतंय व्हय? मग गावचा भाऊ म्हून मला म्होरं ढकलला. असा पिळला, असा पिळला, दाजी मंत्र इसरलं."

"भटजी इसरलं," पोरगी म्हणाली. "ह्यांनी कुठलं म्हटलं व्हतं मंत्र!"

मी उठून उभी राहिले. माझ्या मांडीवरचं पोर भाभीच्या मांडीवर गेलं. "म्हणजे तुम्ही मामा!" मी ओरडले. "मामा इथं खडी फोडतोय आणि आम्ही सरहद्दीकडं बघत बसलोय!"

पिंजाऱ्यानं भाकरीचा तुकडा हातातच धरला. पोरगी घाबरून बांधाकडं बघायला लागली, सासू दिसते का म्हणून. आणि वहिनी म्हणाल्या, "कान पिळायला कोनबी चालतो, बाई. घास येगळा."

सासू माझं ऐकणार नव्हती, भाभीचं तर नाहीच. ऐकली तर वहिनींचं. त्यांच्या भावकीतली ती. म्हणजे हवालदाराच्या आणि वाटीच्या मध्ये वहिनी उभ्या होत्या, आणि मी त्यांची प्रमुख असून त्यांना हुकूम देऊन उपयोग नव्हता. मी तोंड मिटून बसले. मला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

वहिनींनी पिंजाऱ्याला विचारलं, "आन् उद्या सख्खा मामा रजंवर आला, तर त्येला काय सांगायचं?"

"सांगायचं, पयला घास म्या घातला, पर तुमच्या वतीनं," तो म्हणाला. "वैनी, फौजंत एकच गडी रातध्याड पहाऱ्यावर असतो व्हय? दुसरा येऊन हुबा ऱ्हातोच की. म्हून पयल्याचा मान जातो?"

वहिनींनी हवालदाराला उचलून कडेवर घेतलं, डोक्यावर पदर सारखा केला आणि उन्हातून तडक बांधावर निघाल्या. आम्ही सगळे मागं. मागून मुकादमाची शिट्टी.

सासूनं पाटी खाली ठेवली नाही. डोक्यावर ओझं तसंच ठेवून ऐकलं. "ह्यो? ह्यो मामा?" एवढंच म्हणाली.

"व्हय. तुमीच क्येला," पिंजारी म्हणाला. "लेकाचा कान माझ्या हातात दिला तवा म्या चाललो, मावशी. मानाचा टॉवेल आन् टोपी कुणी दिली मला? घास घालायला तेवढा परका झालो? मग कान परत घ्या."

"कान परत घिऊन काय करू? त्यो तसा बी ऐकतच न्हाई," सासू म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका पाट्या टाकून हसायला लागल्या. तिला मात्र हसू आलं नाही. ती वहिनींच्या कडेवरच्या पोराकडं बघत होती. पोर कपाळाला आठ्या घालून तिच्याकडं. मग तिनं पाटी उतरवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोराला काय झालं तर बाई, तुमचं ह्ये गोणपाट म्या माझ्या हातानं उपटून टाकीन."

"टाका," मी म्हणाले.

पाणी मी स्वतः उकळलं, खळखळून, आणि पुन्हा खळखळून. वाटी उकळली. पिंजाऱ्याला साबणानं हात धुवायला लावले, परत धुवायला लावले. तो म्हणाला, "बाई, जन्मभर कापूस पिंजला, पर एवढा पांढरा कवा झालो न्हाई." सासू वाकून वाटीत बघत होती. वहिनींनी पोराला मांडीवर नीट बसवून धरलं. पिंजाऱ्यानं बोटावर घास घेतला, वर फौजेच्या दिशेनं कुठंतरी बघितलं आणि हवालदाराच्या ओठाला लावला.

हवालदारानं तो थुंकला. पिंजाऱ्याच्या सदऱ्यावर.

मग पोरानं जीभ बाहेर काढली, ओठ चाटला, आठ्या सोडल्या आणि तोंड उघडलं. दुसरा घास गेला. तिसरा गेला. चौथ्याला भाभीनंच वाटी बाजूला घेतली. पहिल्या दिवशी एवढंच, पोट नवं आहे. संध्याकाळी सासू त्याला पदरात गुंडाळून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत छपरात. टोळ्या आल्या, हजेरी झाली, पोरं आली, झोळ्या हालायला लागल्या. ती तिघं आली नाहीत. मी दहा वेळा बाहेर जाऊन वाटेकडं बघितलं. भाभीनं पाणी ठेवलं होतं ते आटून गेलं, तिनं दुसरं ठेवलं. "बसा की, बाई," वहिनी म्हणाल्या, पण त्याही बसल्या नव्हत्या. लंगोटाची एकच घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. मला ते जुलाब लागलेलं थोरल्या लेकाचं पोर दिसत होतं, जे मी कधी पाहिलंही नव्हतं.

ऊन चढल्यावर सासू वाटेवर दिसली. एकटी. कडेवर पोर. चाल ताठ, चेहरा दगडाचा. ती सरळ छपरात आली तेव्हा मी अंग चोरून गोणपाटाला टेकले. आता हे ती उपटणार.

तिनं पोराला माझ्या हातात कोंबलं.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागू दिला ह्येनं."

"काय झालं? जुलाब?"

"कसलं जुलाब! रडतंय नुसतं. जे दिसंल ते तोंडात. माझ्या दंडाला चावलं, बगा. त्येच्या आईला दिस उगवायला कुठं झोप लागली, म्हून ऱ्हाऊ दिली घरी." तिनं दंड पुढं केला. खरंच वळ होता. "आता हुबं काय ऱ्हायलायसा? भरवा की. का आजून मामाला बोलवायचं?"

माझ्या हातातला हवालदार तेवढ्यात चेहरा लाल करून, अंग ताणून असा काही बोंबलला की झोळीतली सगळी तान्ही एकदम जागी झाली, आणि मी भाभीच्या नावानं, वाटीच्या नावानं, त्या न उकळणाऱ्या पाण्याच्या नावानं त्याच्याहून मोठ्यानं ओरडायला लागले.