बाटलीत घातलेलं पाणी

"बाटलीत पाणी कोणी घातलं?"

डॉक्टरबाईंनी असं विचारलं आणि मी गारच पडले. माझ्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे की नाही, ते ऐकायला मी गेले होते. रिपोर्टमध्ये एवढंच होतं की पेशी फुटल्या आहेत, काही सांगता येत नाही.

मी चौथी शिकलेली. भिवंडीत लूमवर कांड्या भरते, म्हणजे रिकाम्या कांडीवर सूत गुंडाळते. गाठ पाच महिने हाताला लागत होती. लाजेपायी कुणाला बोलले नाही. शेवटी नववीतल्या माझ्या मुलीने ओढत दवाखान्यात नेलं.

तिथे बायोप्सी केली. म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढला. तो छोट्या बाटलीत घालून लॅबमध्ये पोचवायला माझ्याच हातात दिला. मी जाईपर्यंत लॅब बंद झाली होती. बाटली घरी आणली. झाकण घट्ट करायला गेले तर उघडलंच, आणि वासाने डोळे चुरचुरले.

सासूबाई म्हणाल्या, "आंगाचा तुकडा हाय गो तो. असल्या घान पान्यान कशाला ठेवलास? पोराची नाळ पन आपून धुवून पुरतो."

मला पटलं. ते पाणी मोरीत ओतलं, पिण्याचं स्वच्छ पाणी भरलं. सकाळी बाटली लॅबमध्ये दिली. चांगलंच केलं असं वाटत होतं.

"मीच घातलं," मी कशीबशी म्हणाले.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कागदावर गोल काढला. "ताई, ते औषध होतं, फॉर्मेलिन. त्यात पेशी जशाच्या तशा राहतात. ही पेशी, म्हणजे सेल. आपलं सगळं शरीर असल्या बारीक पेशींचं बनलंय. भोवती हा पातळ पडदा, मेम्ब्रेन. आत हा ठिपका, न्यूक्लियस. तो बिघडलाय का, ते आम्ही बघतो. साधं पाणी आत शिरलं की पेशी फुगते आणि फुटते. मग बघायचं काय?"

चाळीस वर्षं मी या शरीरात राहते. असलं काही आत आहे हे मला माहीत नव्हतं. आणि माझं उत्तर मीच मोरीत ओतलं होतं.

घरी मुलीने पुस्तकातलं चित्र दाखवलं. तोच गोल, तोच ठिपका. "आई, मनुके भिजत घातले की टम्म फुगतात ना? तसंच. पण तू विचारलं का नाहीस?"

मला विचारायची लाज वाटते. सासूबाई ऐकत होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा मी विचारलं, "बाटली उघडायची नाही ना?"

"अजिबात नाही," डॉक्टरबाई हसल्या.

सासूबाई सोबत होत्या. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा केली. बाटली त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या बाईने चेष्टेत विचारलं, "आजी, अत्तर आहे का?"

"हात नको लावू," सासूबाई म्हणाल्या. "माझी सून हाय त्याच्यान."

रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला, पण अजून पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. अजून रोज धक्का बसल्यासारखी जागी होते.

तुमच्या हातात कुणी अशी बाटली दिली तर लाजू नका, विचारा. मला उशिरा सुचलं. पण दुसरी बाटली लॅबच्या टेबलावर ठेवेपर्यंत सासूबाईंनी झाकणावरचा अंगठा काढला नव्हता.