आर्वीचा फुलबॅक

जगात माणसांच्या दोनच जाती, एक पुढे धावणारी आणि दुसरी मागे राखणारी; आणि या दुसऱ्या जातीचा आमच्या चाचांइतका कडवा माणूस बडनेरा जंक्शनवर आजवर कोणत्याही गाडीतून उतरलेला नाही. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे रेल्वेतले दोस्त, दोघेही एकाच शेडमध्ये फिटर. तरुणपणी चाचा रेल्वेच्या टीममध्ये फुलबॅक होते, म्हणजे आपल्या गोलापुढे उभं राहायचं आणि येईल त्याला आल्या पावली परत पाठवायचं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही गोल केला नाही, आणि पोरगा कलेक्टर झाल्यासारखे ते हे ताठ मानेने सांगायचे. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. वरातीत शेवटच्या पाहुण्याच्याही मागे चालणार, पंगतीत शेवटी बसणार, त्यामुळे जिलेबी त्यांच्या पानापर्यंत क्वचितच पोचायची. माझ्या बहिणीच्या लग्नात फोटोसाठी मंडळी त्यांना पुढे ओढायला लागली तर म्हणाले, "मले कायले पुढे ओढता बे? मांगून कोन येऊन रायलं ते कोन पाहीन?" त्या फोटोत चाचांची फक्त टोपी आली आहे.

या सगळ्याला जबाबदार होता एक आयरिश माणूस. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कपाटात चाचांना कधीकाळी एक जुनं इंग्रजी साप्ताहिक सापडलं होतं, आणि त्यात दोन पानं भरून एका आयरिश फुलबॅकची कहाणी होती. इंग्रजी येत नसल्यामुळे चाचांनी ती आधी बुकिंग क्लार्ककडून, मग माझ्या वडिलांकडून आणि मी इंग्रजीचा मास्तर झाल्यावर माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतली, की शेवटी मीच चुकलो तर ते दुरुस्त करायचे. धक्क्यावर कोळसा वाहणारा पोरगा, बोटीने इंग्लंडला गेला, एकाच क्लबात सारी जवानी घातली. मॅचच्या दिवशी प्रेक्षकांच्याच बसमधून मैदानावर जायचा, आणि बूट टांगल्यावर त्याने कोपऱ्यावर पेपरचं दुकान टाकलं. मध्यरेषा त्याने म्हणे जन्मात ओलांडली नाही. त्याचं नाव चाचांच्या जिभेला कधी वळलंच नाही. ते नुसतं "आपला आयरिश" म्हणायचे, मोहल्ल्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

कापसाची ती वर्षं फार वाईट होती. सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे. चाचांनी त्याच दिवसांत सायकलला बॉल बांधला आणि ते दर रविवारी वलगावला जायला लागले. कपाशी, संत्री, भाजीपाला करणारी तिशी-चाळिशीची माणसं त्यांनी पारावरून उठवून मैदानात आणली. मी विचारलं, "चाचा, या वयात हा उद्योग काय?" तर म्हणाले, "मले पानी पाडता येत नाई, मास्तर. पन मानूस एकटा बसला का नाई नाई ते डोक्यात येते. बॉलले अकरा जन लागतेत."

खेळ संपला की चाचा आयरिशची कहाणी सांगत. वलगावच्या कानांना आयरिश कसा पचावा? वलगावकरांनी तो आर्वीचा करून टाकला. आर्वी काय, वर्धा नदी ओलांडली की आलीच. शेडमधल्या घणांनी चाचांचे कान निम्मे नेले होते, त्यामुळे हा फरक त्यांच्या ध्यानातच आला नाही. एकाने तर त्याच्या मायला आर्वीच्या बाजारात वांगी विकताना पाहिलं होतं. "आर्वीचा पोट्टा विलायतेत खेयते, मंग वलगावले का धाड भरली?" असं म्हणत ही मंडळी खेळायला लागली, आणि खेळता खेळता अकोल्याच्या एका स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचली. मीही त्यांच्यासोबत ट्रकमधून गेलो.

हाफ टाइमला दोन गोल अंगावर होते. त्यात अकोल्याच्या कोणीतरी सांगितलं, की तुमचा तो आर्वीचा नव्हेच, गोरा साहेब होता. आमचा गोली फुलांचा धंदा करणारा माळी. त्याने बॉल खाली ठेवला आणि तोंड चाचांच्या कानाशी नेऊन विचारलं, "चाचा, खरं सांगजा. तो आर्वीचाच होता नं?"

चाचांनी हे आयुष्यात पहिल्यांदाच नीट ऐकलं. संत्रेवाल्याने एक फळ चुकून जास्त टाकलं तर उन्हात परत नेऊन देणारा हा माणूस! अकरा चेहरे त्यांच्याकडे लागले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"आर्वीचाच," चाचा म्हणाले. "ठेसनाच्या मांगं घर होतं त्याचं."

आम्ही हरलोच, पण दोन-एकने. तो एक गोल झाल्यावर वलगावची माणसं अशी नाचली, की अकोलेकरांना वाटलं मोजण्यात आपलंच काही चुकलं. येताना ट्रकमध्ये गाणी, शिट्ट्या, मिरचीभजी. इतकी मोकळी हसलेली माणसं मी त्या वर्षात दुसरीकडे पाहिली नाहीत. चाचा तेवढे मागच्या फळीला टेकून मागे पडणारा रस्ता पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात. "मास्तर, इंग्रजीत चिठ्ठी लिवा. लय मोठा फाउल झाला माया हातून."

"कोणाला लिहू?"

"त्याले! मानसाचं काईबी घ्यावं, गाव घेऊ नये. मी त्याचं गावच घेतलं."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पत्ता म्हणून त्या पानावरचं क्लबचं आणि शहराचं नाव टाकलं आणि पत्र बडनेऱ्याच्या पोस्टात नेऊन दिलं. पुढे कित्येक महिने चाचा पोस्टमनला दुरूनच हात करायचे. उत्तर आलं नाही. तो आयरिश तोवर असेल-नसेल, कोण जाणे. आता चाचाही नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. विशेषतः त्या पत्राचा शेवट. तो इंग्रजीत करताना मी अर्धा तास अडलो होतो, आणि चाचा समोर बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत होते: "लिवा, का माफ करजा. आमाले तुमची गरज होती. आन कदी इकडे आलेच, तं आर्वीले उतरजा. मानसं तुमाले वळखतीन."